सोमवारची गोळी

केसपेपरवर मामांनी लाल शाईनं एकच ओळ लिहिली होती : 'बुरशीच्या सर्व औषधांची अ‍ॅलर्जी. देऊ नयेत.' बाई तिशीतली, मिरजेच्या आसपासच्या गावातली, द्राक्षबागेत मजुरीला जाणारी. कमरेला आणि जांघेत गजकर्ण, तेही वर्षभराचं मुरलेलं. मामांनी तिला फ्लुकोनॅझोलची १५० मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा घ्यायला सांगितली होती. मध्येच तिच्या खालच्या ओठावर आणि उजव्या मनगटावर गोल, जांभळट चट्टे उठले. मामांनी गोळी थांबवली, ती ओळ लिहिली आणि बाईला माझ्या बहिणीकडे पाठवलं. बहीण त्वचारोगतज्ज्ञ. मामा आयुष्यभर जनरल प्रॅक्टिसमध्ये, आजही सकाळचा दवाखाना चालवतात. रविवारी दोघं जेवायला एकत्र आले आणि त्या ओळीवरून जुंपली. बाई कोण हे ओळखू येणार नाही इतपत तपशील मी बदलले आहेत. वाद मात्र झाला तसा दिला आहे.

मामा : त्या ओळीत खटकलं काय, ते आधी सांग. गोळी दिली, चट्टा उठला. गोळी बंद केली, चट्टा विझला. यात अजून शोधायचं काय राहिलं?

ताई : गोळी बंद केलीत ते उत्तमच केलंत. पण दिलं होतं एक औषध आणि बंदी घातलीत डझनभर औषधांवर. उद्या ती कुठल्याही दवाखान्यात गेली, तर तो कागद बघून तिला कुणी काहीच देणार नाही. गजकर्ण तसंच राहील, घरात पोरांना होईल.

मामा : सगळी एकाच पोतडीतली औषधं आहेत गं.

ताई : नाहीत ना, मामा! फ्लुकोनॅझोल आणि इट्राकोनॅझोल ही अझोल घराण्यातली. टर्बिनाफिनचं घराणं वेगळं. तुमच्या तरुणपणीचं ग्रिसोफुल्विन तिसऱ्याच कुळातलं. चौघांचा शत्रू एक, म्हणून आपण त्यांना एका नावानं हाक मारतो. पण आपलं शरीर औषधाचं काम बघून बिथरत नाही, रेणूची ठेवण बघून बिथरतं. फ्लुकोनॅझोल सोसलं नाही म्हणून टर्बिनाफिनही सोसणार नाही, याला काही आधार नाही.

मामा : मग दे की टर्बिनाफिन. मी कुठे अडवलंय?

ताई : लाल शाईनं अडवलंय. आणि नुसतं टर्बिनाफिन देऊन भागेल अशी आज परिस्थितीही नाही. सध्या आपल्याकडे जे हट्टी गजकर्ण पसरलंय ना, त्यातल्या बुरशीला २०२० मध्ये जपानी संशोधकांनी ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव दिलं. नावातच इंडिया आहे. तिच्यातल्या बऱ्याच जाती टर्बिनाफिनला दाद देत नाहीत. औषध ज्या एन्झाइमवर जाऊन बसतं, त्याचीच घडण त्यांच्यात बदलली आहे. अशा वेळी हाताशी उरतं मुख्यतः इट्राकोनॅझोल. तुमच्या एका ओळीनं नेमकं तेच काढून घेतलं.

इथं मामा थोडा वेळ गप्प झाले. मला वाटलं वाद आटोपला. पण मामा वाद हरताना गप्प होत नाहीत, पुढचा मुद्दा जुळवताना गप्प होतात.

मामा : तू मोठ्या हॉस्पिटलात शिकलीस. माझ्याकडे सुरुवातीच्या वर्षांत एक तरुण मुलगा आला होता. सल्फाची गोळी. पहिल्यांदा घेतली तेव्हा तोंड आलं, अंगावर थोडं पुरळ, ताप. कुणीतरी सांगितलं, गोळी गरम पडली. कागदावर कुणीच काही लिहिलं नाही. पुढं दुसऱ्या गावात त्याला तीच गोळी पुन्हा दिली गेली. माझ्याकडे आणला तेव्हा पाठीची कातडी चादरीला चिकटून येत होती. डोळे उघडत नव्हते. मी त्याला जीपमधून सिव्हिलला नेला, तो तिथून परत आला नाही. तेव्हापासून मी लाल शाई वापरतो. जरा जास्त लिहिलं गेलं तर कुणी मरत नाही. कमी लिहिलं तर मरतं.

ताई : तशा केसमध्ये मी तुमच्यापेक्षा मोठ्या अक्षरात लिहीन. अंगावर पुरळ आणि सोबत ताप, तोंडात-डोळ्यांत-लघवीच्या जागी फोड, कातडी नुसती लाल नाही तर दुखरी, बोटानं घासली की सुटणारी. असं काही दिसलं की चर्चा बंद, औषध बंद, ताबडतोब भरती. तोंड सुजलं, गाठी आल्या, रक्तात इओसिनोफिल आणि लिव्हरची एन्झाइम वाढली, तरीही तेच. ते औषध जन्मभर नाही. खात्री करायला म्हणून कणभरसुद्धा पुन्हा द्यायचं नाही. याबाबतीत आपलं भांडण नाहीच.

मामा : मग भांडण कशात आहे?

ताई : या बाईचा चट्टा कसला होता, हे कागदावर कुठेच नाही, त्यात आहे. 'रिअ‍ॅक्शन' एवढं लिहून काय कळतं? अंगावर पित्त उठलं? तास-दोन तासांत गांधी आल्या आणि गेल्या? की आठ-दहा दिवसांनी गोवरासारखं बारीक पुरळ आलं? की टर्बिनाफिननं क्वचित होतं तसं काखेत-जांघेत टाचणीच्या टोकाएवढे शेकडो पिवळे पू-बिंदू उठले, ज्यांना जंतुसंसर्ग समजून आपण वर अँटिबायोटिक देतो? प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं. पित्त मिनिटांत किंवा तासांत. साधं पुरळ पहिल्यांदा औषध घेतल्यावर साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसात. इओसिनोफिलवालं गंभीर प्रकरण दोन ते आठ आठवड्यांनी. चट्ट्याचा फोटो आणि तारीख एवढ्यावर अर्धं निदान होतं.

मामा : फोटो नाही काढला. पण डोळ्यांनी पाहिलाय ना. कडा आखल्यासारखी, मध्ये गडद, थोडा फुगलेला. उतरल्यावर शाईच्या डागासारखा काळसर डाग राहिला.

ताई : बघा, केवढं निदान केलंत तुम्ही, आणि कागदावर काहीच नाही! हे फिक्स्ड ड्रग इरप्शन. दर वेळी त्याच जागी उठणारा चट्टा. पहिल्या वेळी तिथल्या कातडीत काही टी पेशी मुक्काम ठोकून बसतात आणि चट्टा गेला तरी जात नाहीत. औषध पुन्हा पोटात गेलं की काही तासांत त्याच ठिकाणी आग. ओठ, हात आणि गुप्तांग या त्याच्या आवडत्या जागा. पुरुषाला गुप्तांगावर उठला की घरात काय महाभारत होतं ते तुम्हाला माहीत आहे.

मामा : किती नवरे मला कोपऱ्यात घेऊन, डॉक्टर बाहेर कुठंही गेलो नाही हो, म्हणून शपथा घ्यायचे! त्यातल्या निम्म्यांचं खरं असावं, असं आता वाटतं.

(मामा यावर मनसोक्त हसले. मी मात्र त्या नवऱ्यांच्या बायकांचा विचार करत होतो.)

ताई : तर, चट्टा फिक्स्ड ड्रग इरप्शनचा. आता पुढचा प्रश्न : कशामुळे?

मामा : कशामुळे म्हणजे? फ्लुकोनॅझोल!

ताई : गोळी कुठल्या वारी घ्यायची ती?

मामा : सोमवारी. तिचा सोमवारचा उपास असतो, म्हणून मीच म्हटलं, सोमवार धर, विसरणार नाहीस.

ताई : आणि उपासाच्या दिवशी, उन्हात बागेत काम करून, संध्याकाळी तिचं डोकं दुखतं. दर सोमवारी. मग ती किराणा दुकानातून डोकेदुखीची गोळी आणते. हे तिनं तुम्हाला सांगितलं?

मामा : नाही.

ताई : तुम्ही विचारलं?

मामा : ...

ताई : मी 'दुसरं काही औषध घेता का' असंच विचारलं, तर 'नाही' म्हणाली. दुकानातली गोळी तिच्या लेखी औषध नाही. 'सोमवारी सकाळपासून रात्रीपर्यंत तोंडात काय काय गेलं' असं विचारल्यावर निघालं : शाबूची खिचडी, चहा, तुमची गोळी, डोकेदुखीची गोळी. आणि पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं या चट्ट्याची जुनी, नावाजलेली कारणं आहेत. म्हणजे संशयित दोन, दोघंही सोमवारचेच.

एका वारावर दोन औषधं येऊन बसली तर निदान किती सहज घसरेल, हे मला तोवर सुचलं नव्हतं. मामांनाही नसावं, कारण त्यांनी पानावरचा हात थांबवला.

मामा : मग सुटलं कसं?

ताई : तिनंच सोडवलं. चौथ्या सोमवारी तुमच्या गोळ्यांची पट्टी संपली होती, मिरजेला यायला जमलं नाही. उपास होता, डोकं दुखलं, दुकानातली गोळी घेतली. रात्री काही नाही. पाचव्या सोमवारी तुमची गोळी पुन्हा सुरू, आणि झोपायच्या आत ओठ पुन्हा चुरचुरायला लागला. मंगळवारी ती तुमच्याकडे आली. आपण मुद्दाम केला असता तर धोक्याचा ठरला असता असा प्रयोग परिस्थितीनं करून ठेवला होता. फक्त कुणी वाचला नव्हता.

मामा : म्हणजे शेवटी फ्लुकोनॅझोलच. मी म्हटलं तेच!

ताई : तेच. पण तुमचं बरोबर आलं ते नशिबानं. डोकेदुखीची गोळी निघाली असती, तर बुरशीची सगळी औषधं विनाकारण गेली असती आणि खरा गुन्हेगार किराणा दुकानात खुशाल बसला असता.

मामांना हे लागलं, पण त्यांनी भात वाढून घेतला. ताईनं वहीच्या मागच्या पानावर मला नारांजो मोजपट्टी काढून दाखवली. १९८१ ची, दहा प्रश्नांची, औषधावरचा संशय किती पक्का ते आकड्यात मांडणारी. असा त्रास या औषधानं झाल्याच्या नोंदी आधीपासून आहेत, १ गुण. औषधानंतर झाला, २. थांबवल्यावर कमी झाला, १. पुन्हा घेतल्यावर पुन्हा झाला, २. डॉक्टरनं स्वतः डोळ्यांनी पाहिला, १. झाले सात. मग येतो तो प्रश्न : दुसरं काही कारण असू शकतं का? 'असू शकतं' म्हटलं तर एक गुण वजा, बेरीज सहा, म्हणजे 'संभाव्य'. 'नाही' म्हणता आलं तर दोन अधिक, बेरीज नऊ, आणि नवाला ती पट्टी 'निश्चित' म्हणते. सगळं अंतर त्या एका पट्टी संपलेल्या सोमवारानं भरून काढलेलं.

मामा : दहा प्रश्न विचारत बसलो तर बाहेर रांग गेटपर्यंत जाईल. आणि बागेतल्या फवारणीचं काय? माझ्या मनात आधी तेच आलं होतं. द्राक्षाला बुरशीनाशकं किती मारतात ते तुला ठाऊक आहे. मॅन्कोझेबनं हात सोलवटलेले मजूर मी दर हंगामात बघतो.

ताई : शंका योग्य. पण फवाऱ्याची अ‍ॅलर्जी जिथं औषध लागतं तिथं उठते; हाताच्या पाठी, मनगटं, मान, पापण्या. कडा पुसट, खपल्या, पाणी, भयंकर खाज. रुपयाएवढा रेखीव चट्टा, तोही ओठावर, सोमवारी रात्रीच उठत नाही.

मामा : ठीक. आता माझं ऐक. तुम्हा लोकांना वाटतं जुने डॉक्टर ऊठसूट अ‍ॅलर्जी लिहितात. ग्रिसोफुल्विनच्या काळात मुलांच्या डोक्यात गजकर्ण यायचं, पुवाळलेलं, केस हातात येणारं. गोळी सुरू केली की तीन-चार दिवसांत कानामागं, मानेवर, धडावर बारीक खाजरे पुटके. आईबाप गोळ्या घेऊन भांडायला यायचे. नवा डॉक्टर घाबरून औषध बंद करायचा. मी नाही केलं कधी. ती गोळीची अ‍ॅलर्जी नव्हे, बुरशीचीच. बुरशी मरायला लागली की शरीर तिच्या तुकड्यांवर भडकतं. पायाच्या बोटांत चिखल्या आणि हाताच्या बोटांच्या कडेला पाण्याचे फोड, तेही त्याच जातीचं. हातावर बुरशी शोधायला गेलात तर सापडत नाही. तिथं औषध बंद करणं हाच मूर्खपणा.

ताई : इड रिअ‍ॅक्शन. अगदी बरोबर. आणि प्रामाणिकपणे सांगते, आमच्याकडचे रेसिडेंट ते हमखास चुकतात.

मामा : लिही रे हे.

(लिहिलं.)

ताई : मग मलमांचंही लिही. निम्मा घोळ तिथं आहे. पेशंट म्हणतो, क्रीमची अ‍ॅलर्जी आली. खोलात गेलं की कळतं, दुकानातून आणलेली ट्यूब. तीत बुरशीचं औषध, जिवाणूंचं औषध आणि जोडीला क्लोबेटासॉलसारखं कडक स्टिरॉइड. लावल्यावर खाज चुटकीसरशी थांबते, बुरशी आतून पसरते. ट्यूब बंद केली की कातडी पेटते. पेशंटला वाटतं ट्यूब चांगली, तुमचं नवं औषध वाईट.

मामा : स्टिरॉइडची मलमं २०१८ मध्ये शेड्यूल एचमध्ये घातली सरकारनं, चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत म्हणून.

ताई : कागदावर. तर मलम लावून आग झाली, तर शक्यता मोजा. कातडी आधीच सोललेली म्हणून नुसती चुरचुर. आधी लसूण घासलेला, टाकळ्याचा पाला वाटून लावलेला. नाहीतर सॅलिसिलिक अ‍ॅसिड असलेलं जुनं मलम जांघेत. यातलं काहीच अ‍ॅलर्जी नाही. खरी संपर्काची अ‍ॅलर्जी आली, तरी क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल क्वचितच दोषी निघतात. बरेचदा दोष ट्यूबमधल्या बाकीच्या मालाचा : टिकवणारं रसायन, प्रोपिलीन ग्लायकॉल, सिटोस्टिअरिल अल्कोहोल, लॅनोलिन, आणि निओमायसिन. पेशंट 'क्लोट्रिमॅझोल चालत नाही' म्हणून जन्मभर सांगत फिरतो, आणि तेच निओमायसिन त्याला कानाच्या थेंबांतून पुन्हा भेटतं.

मामा : हे ओळखायचं कसं? तुझी ती पाठीवर चिकटपट्ट्या लावायची टेस्ट ना?

ताई : पॅच टेस्ट. पाठीवर छोट्या अ‍ॅल्युमिनियमच्या वाट्यांत एकेक पदार्थ भरून अठ्ठेचाळीस तास ठेवायचा. अंघोळ नाही, घाम येईल असं काम नाही. काढल्यावर एकदा बघायचं, मग शहाण्णव तासांनी पुन्हा. चुरचुर असेल तर दुसऱ्या वेळी मावळते, अ‍ॅलर्जी असेल तर वाढते. निओमायसिनसारखे आळशी तर सातव्या दिवशी उगवतात. पेशंटची स्वतःची ट्यूबही लावायची, कारण तयार संचात तिच्यातलं सगळं असतंच असं नाही.

मामा : मजुरी करणारी बाई दोन दिवस घाम न येता कशी राहणार? आणि तीन खेपा घालणार?

ताई : नाही राहणार, हे खरंय. तिच्यासाठी सोपी युक्ती आहे. तेच मलम कोपराच्या आतल्या बाजूला, नाण्यापेक्षा थोड्या मोठ्या जागी, दिवसातून दोनदा, आठवडाभर लावायचं. रोज एकच जागा, निरोगी कातडी. खाजून पुटके आले की थांबायचं, फोटो काढायचा, दाखवायचं. पूर्ण उत्तर मिळत नाही, पण 'हे मलम मला चालतं का' एवढं कळतं.

मामा : आणि रक्ताची तपासणी? परवा एकजण अ‍ॅलर्जी पॅनेलचा आठ पानी रिपोर्ट घेऊन आला होता. त्यात वांगं होतं, झुरळ होतं.

ताई : फ्लुकोनॅझोल, टर्बिनाफिन, इट्राकोनॅझोल यांच्यासाठी भरवशाची आयजीईची रक्ततपासणी नाही. हे चट्टे आयजीईनं होतही नाहीत, पेशींमुळे होतात. तो रिपोर्ट वांग्याबद्दलही फारसं सांगत नाही, या गोळ्यांबद्दल तर काहीच नाही. कातडीत टोचून करायच्या चाचणीचं प्रमाणही या औषधांसाठी ठरलेलं नाही. राहते जुन्या डागावरच औषध लावून बघायची पॅच टेस्ट. आली तर उपयोगी, नाही आली तर निर्दोष म्हणता येत नाही. आणि शेवटची, औषध थोड्या मात्रेत पोटात देऊन बघायची.

मामा : ती मला मान्य नाही. विष आहे का बघायला विष पाजायचं!

ताई : या बाईला मीही देणार नाही. एरवी साधा असला तरी हाच चट्टा वारंवार औषध गेल्यावर अंगभर फोडांचा होऊ शकतो. शिवाय गरज काय? औषध कुठलं ते कळलंय, आणि तिला त्या औषधावाचून काही अडलेलं नाही. ज्याच्याकडे दुसरा पर्यायच उरला नाही, तिथं वेगळा हिशेब. तिथं हॉस्पिटलात, संमती घेऊन, काही आठवडे मध्ये जाऊ देऊन.

इथं मला राहवलं नाही. मी विचारलं, दुसरा पर्याय नाही अशी वेळ येते तरी का? दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं.

ताई : २०२१ विसरलास? कोविडनंतरची काळी बुरशी. महाराष्ट्रात केवढे पेशंट होते. नाकातून, सायनसमधून डोळ्याकडे, मेंदूकडे सरकणारी. त्यावरचं मुख्य औषध अ‍ॅम्फोटेरिसिन, शिरेतून. लायपोसोमल प्रकार मिळेना, नातेवाईक शहराशहरांत इंजेक्शनं शोधत फिरत होते. मग जुना साधा प्रकार वापरायचा. तो सुरू केला की तासा-दोन तासांत पेशंटला हुडहुडी भरते. खाट हलते इतकी. ताप १०३-१०४. एका वॉर्डात मी फाइल उघडली तर वर लिहिलेलं : 'अ‍ॅम्फोटेरिसिनची अ‍ॅलर्जी, बंद केले'. माणसाचा डोळा सुजत चाललाय, आणि औषध बंद.

मामा : आणि ती अ‍ॅलर्जी नव्हती.

ताई : नव्हती. ते औषध शरीराच्या पहारेकरी पेशींना थेट डिवचतं आणि त्या तापाची रसायनं सोडतात. त्याला आधीची ओळख लागत नाही, पहिल्याच डोसला होतं. थेंबांचा वेग कमी केला, आधी पॅरासिटामॉल वगैरे दिलं की आटोक्यात येतं, पुढच्या डोसांना बरेचदा आपोआप कमी होत जातं. खऱ्या अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये चित्र वेगळं : अंगावर गांधी, ओठ-जीभ सुजणं, छातीत घरघर, बीपी खाली. तिथं मांडीत अ‍ॅड्रिनॅलिन, आणि विचार नंतर. अ‍ॅम्फोटेरिसिननं तेही होतं, पण फार क्वचित. थंडी वाजते की श्वास अडतो, एवढं उशाशी उभं राहून बघितलं असतं तरी फाइलवर ती ओळ आली नसती. आम्ही पुन्हा सुरू केलं, सावकाश.

मामांनी तो माणूस वाचला का असं विचारलं नाही. मीही विचारलं नाही. ताईनं सांगितलं असतं तर सांगितलं असतं.

मामा : हं. माझा सल्फावाला मुलगा न लिहिल्यामुळे गेला आणि तुझ्या वॉर्डात लिहिल्यामुळे औषध थांबलं.

ताई : म्हणून तर म्हणते, लिहा. पण औषधाचं नाव, गोळी घेतल्यापासून किती वेळानं, अंगावर कुठं, दिसत कसं होतं, सोबत काय काय चालू होतं, एवढं लिहा. पाच ओळी होतील. आणि खात्री नसेल तर 'संशय' म्हणा. इट्राकोनॅझोलनं पाय सुजले, टर्बिनाफिननं तोंडाची चव गेली, तर तो दुष्परिणाम आहे, अ‍ॅलर्जी नाही, तसंच लिहा. तिथं विचारायचे प्रश्न वेगळे असतात. पाय सुजले तर हृदय बघावं लागतं.

खरं सांगायचं तर मला या जागी दोघांचं बरोबर वाटत नाही. ताईचंच बरोबर वाटतं. लाल शाईमागची भीती खरी आहे, पण भीतीनं लिहिलेल्या ओळी पुढच्या डॉक्टरला वाचता येत नाहीत. त्या फक्त पाळता येतात. मामांना हे तोंडावर म्हणायची माझी छाती झाली नाही.

मामा : आता मुद्द्याचं. इट्राकोनॅझोल देणार तू तिला? तेही अझोलच. तूच म्हणालीस, शरीर ठेवण बघतं.

ताई : म्हणाले. दोन्ही अझोल असली तरी रेणूंच्या बाकीच्या अंगात पुष्कळ फरक आहे. फ्लुकोनॅझोलचा चट्टा उठलेल्या काहींना इट्राकोनॅझोल सोसल्याच्या नोंदी आहेत, तशा काहींना दोन्हींनी उठल्याच्याही. आधीच छातीठोक कुणी सांगू शकत नाही.

मामा : मग माझी लाल ओळ अगदीच खोटी नव्हती.

ताई : अझोलपुरती शंका रास्त होती. तुम्ही ती शंका म्हणून लिहायला हवी होती. आधी खरवडून प्रयोगशाळेत पाठवू, खरंच बुरशी किती उरलीय बघू. गरज असेल तर इट्राकोनॅझोलचा पहिला डोस दवाखान्यात, नजरेसमोर. लिव्हरची तपासणी आधी. हृदयाचा त्रास, गरोदरपण, चालू औषधं विचारून. जुन्या डागांचा फोटो आधी काढायचा, म्हणजे ओठ चुरचुरला तर तुलना करता येईल.

मामा : माझ्या दवाखान्यात. तिला तुझ्याकडे यायला दिवसाची मजुरी बुडते.

ताई : चालेल. पण सोमवारी नाही.

मामा : नाही, सोमवारी नाही. मंगळवारी सकाळी, जेवून ये म्हणतो, ती कॅप्सूल भरल्या पोटी लागते. तासभर बसवून ठेवतो, आणि आठवडाभर डोकेदुखीची गोळी बंद. डोकं दुखलं तर मला फोन.

ताई : आणि ज्या चट्ट्यामुळे हे सगळं झालं, त्याचा एडीआर, म्हणजे औषधाच्या दुष्परिणामाचा, फॉर्म भरून पाठवा. फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रॅम २०१० पासून चालू आहे, गाझियाबादचं इंडियन फार्माकोपिया कमिशन बघतं. टोल फ्री नंबर आहे, १८०० १८० ३०२४. पेशंट स्वतःसुद्धा कळवू शकतो.

मामा : फॉर्म भरून मला कोर्टात खेचतील.

ताई : कुणी खेचत नाही, मामा. फॉर्म भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं नव्हे. संशय असला तरी पाठवायचा असतो, सिद्ध झालेलं लागत नाही. पेशंटचं पूर्ण नाव लागत नाही, आद्याक्षरं पुरतात.

मामांनी हात धुतले, चष्मा लावला आणि ताईच्या फोनवर उघडलेला फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला. 'संशयित औषध' या रकान्यात फ्लुकोनॅझोल, मात्रा, सुरू केल्याची तारीख, बंद केल्याची तारीख असं बोट फिरवत गेले. मग थांबले.

मामा : डोकेदुखीची गोळी कुठे लिहायची?

ताई : खाली 'सोबत चालू असलेली इतर औषधं' असा रकाना आहे. तिथं, कंपनीच्या नावासकट. पाकीट तिच्याकडे असेल तर मंगळवारी घेऊन यायला सांगा.